डोळ्यांवरची पट्टी आणि वाचता न येणारे परिपत्रक

३ डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, जवळ आला की आपल्याकडच्या अनेक कार्यालयांत एक कार्यक्रम ठरलेला असतो. बाहेरून एक प्रशिक्षक येतात, सगळ्यांना सभागृहात बसवले जाते, काही जणांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांना जगमधून पेल्यात पाणी ओतायला किंवा भिंत चाचपत दारापर्यंत जायला सांगितले जाते, आणि शेवटी सगळे मिळून संवेदनशील राहण्याची प्रतिज्ञा घेतात. मी पुण्यातल्या एका मोठ्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत वीसहून अधिक वर्षे काम केले आणि असे कार्यक्रम भरवणाऱ्यांत मीही होतो. त्यातला एक दिवस मला विसरता येत नाही.

त्या दिवशी पट्टी सोडल्यावर एका सहकारी बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. ‘कशी जगत असतील हो ही माणसं,’ असे त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि ते मनापासून होते. पहिल्याच रांगेत आमच्या लेखा शाखेतले दृष्टिहीन सहकारी बसले होते. त्यांना शाल-श्रीफळ दिले, दोन शब्द बोलायला सांगितले, ते बोलले, टाळ्या झाल्या. दुपारी साडेतीनच्या सुमारास ते माझ्या टेबलापाशी आले. अर्जित रजेच्या रोखीकरणाचे परिपत्रक त्याच सकाळी सगळ्यांना ईमेलने गेले होते, अर्जाची मुदत चार दिवसांची होती, आणि त्यांच्या संगणकावरचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, त्या फाइलवर येऊन गप्प होत होता. परिपत्रक टाइप करून, छापून, त्यावर सही-शिक्का घेऊन आणि मग स्कॅन करून पाठवलेले होते. डोळस माणसाला त्यात मजकूर दिसतो. स्क्रीन रीडरच्या लेखी तो नुसता फोटो असतो. ते परिपत्रक माझ्याच शाखेतून निघाले होते. ते तयार करणारा लिपिक, त्यावर सही करणारे अधिकारी आणि सकाळचा कार्यक्रम ठरवणारा मी, असे आम्ही तिघेही सकाळी त्या सभागृहात हजर होतो.

कार्यालयांतले दिव्यांगविषयक प्रशिक्षण भावना जागी करण्यासाठी नव्हे, तर कामाची पद्धत बदलण्यासाठी असले पाहिजे, आणि ते त्या माणसांना दिले पाहिजे ज्यांच्या हातात ती पद्धत बदलणे आहे, हे माझे मत त्या दुपारी तयार झाले आणि पुढच्या वर्षांत ते घट्टच होत गेले. आमच्या लिपिकाला त्या सकाळी एवढेच शिकवले असते की सही झालेल्या प्रतीसोबत मूळ टाइप केलेली फाइलही जोडायची, तर एका सहकाऱ्याला स्वतःच्या रजेच्या पैशांचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला नसता. हे शिकवायला पाच मिनिटे पुरली असती. आम्ही दोन तास खर्च केले आणि नेमके तेवढेच राहिले.

डोळ्यांवर पट्टी बांधण्याच्या या प्रयोगाबद्दल माझा आक्षेप तो अपुरा आहे एवढाच नाही. तो उलटा परिणाम करतो असे मला वाटते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ॲरिएल सिल्व्हरमन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकारच्या प्रयोगांचा अभ्यास केला. ज्यांना डोळे बांधून कामे करायला लावली, त्यांना अंध व्यक्तींविषयी कळवळा वाटला खरा, पण अंध व्यक्ती नोकरी करण्यास आणि स्वतंत्रपणे राहण्यास कितपत समर्थ असतात, याबद्दलचे त्यांचे मत इतरांपेक्षा खाली गेले. याचे कारण समजायला अवघड नाही. पट्टी बांधलेल्या माणसाला अंधत्वाचा अनुभव येत नाही, त्याला दृष्टी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांचा अनुभव येतो. पांढरी काठी वापरण्याचा सराव, आवाजावरून अंतर ओळखण्याची सवय, ब्रेल, स्क्रीन रीडरचा वेग, या वर्षानुवर्षे कमावलेल्या गोष्टी त्याच्याजवळ नसतात. आमचे ते सहकारी स्क्रीन रीडर ज्या वेगाने ऐकत, त्या वेगात आम्हाला एक शब्द कळत नसे, आणि ते मात्र ताळेबंदातली चूक त्या वेगातच पकडत. सकाळी त्यांचा हा वेग कोणालाच ऐकवला गेला नाही. ऐकवला असता तर त्या बाईंना रडू आले नसते, आणि त्यांच्या शाखेत जागा रिकामी झाल्यावर तिथे अंध उमेदवार नेमण्याला त्यांनी कदाचित विरोधही केला नसता. पुढे त्यांनी तो केला. त्यामागे आकस मुळीच नव्हता. ‘त्यांना झेपायचं नाही, उगाच त्रास’ अशी काळजी होती.

ही काळजी हाच खरा प्रश्न आहे असे मला वाटते. दिव्यांग सहकाऱ्याचा कोणी उघड अपमान केल्याची प्रकरणे माझ्यासमोर फार थोडी आली. पण त्याला काम न देण्याची प्रकरणे सतत येत. पायाने अधू असलेल्या एका वरिष्ठ लिपिकाला ‘तुम्ही नका येऊ जिल्ह्याला, आम्ही जाऊन येतो’ असे सांगून तपासणीच्या प्रत्येक दौऱ्यातून वगळले जाई. सांगणारे भले लोक होते. पाच-सहा वर्षांनी पदोन्नतीची वेळ आली तेव्हा त्यांच्या गोपनीय अहवालांत तपासणीच्या कामाचा अनुभव कुठेच नव्हता, आणि ज्यांनी त्यांना प्रेमाने घरी ठेवले होते त्यांच्यापैकी दोघे त्यांच्या वर गेले. त्यांनी माझ्याकडे तक्रार केली नाही. ‘मला एकदा तरी विचारायचं होतंत,’ एवढेच ते म्हणाले. पर्यवेक्षकाला द्यायचे प्रशिक्षण या एका वाक्यातून सुरू होऊ शकते: काम वाटताना विचारायचे, परस्पर ठरवायचे नाही, गाडीची सोय लागत असेल तर ती करायची, पण दौरा काढून घ्यायचा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत मांडले आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने तो देण्याचा आदेश दिला आणि सोय कोणती हवी हे त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या गरजेप्रमाणे ठरवायचे असते, असे सांगितले.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या कार्यालयातल्या एकाही प्रशिक्षणात त्याचा उल्लेख झाला नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यातले अपंगत्वाचे ७ प्रकार वाढून २१ झाले, सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाले, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच कायद्यात ‘भेदभाव’ या शब्दाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारणे समाविष्ट आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणजे मालकावर किंवा कार्यालयावर बेसुमार बोजा न टाकता करता येईल असा बदल नाकारला, तर तो नुसता हलगर्जीपणा राहत नाही, तो भेदभाव ठरतो. वाचता येणारी फाइल देणे हा असाच बदल आहे. सरकारी आस्थापनांना अशी सोय पुरवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून ते दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचे आहे, आणि २० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही त्या धोरणात सोयीसुविधांचा तपशील देऊन एक संपर्क अधिकारी नेमायचा आहे.

२०१७ च्या नियमांत या धोरणाचा जो मसुदा सांगितला आहे, त्यात प्रशिक्षणाचा उल्लेख येतो, पण तो दिव्यांग कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणाचा आहे: भरतीनंतरचे आणि पदोन्नतीपूर्वीचे. त्याच्या शेजारी बसणाऱ्याने, त्याच्या वरिष्ठाने, परिपत्रक काढणाऱ्याने किंवा इमारतीची देखभाल पाहणाऱ्याने काय शिकायचे, याबद्दल तिथे काही नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याशी याची तुलना करून पाहावी. तिथे ठरावीक काळाने कार्यशाळा घेऊन कर्मचाऱ्यांना जाणीव करून देणे हे मालकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. त्याची अंमलबजावणी अनेक ठिकाणी वरवरची होते हे खरे, तरी निदान न घेतल्याबद्दल विचारता येते. दिव्यांगांच्या बाबतीत ते स्वेच्छेवर सोडले गेले, आणि जे स्वेच्छेवर सोडले जाते ते आपल्याकडे वर्षातून एकदा, हारतुऱ्यांसह होते. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी इमारती आणि सेवांच्या सुगमतेबद्दल जे म्हटले ते इथेही लागू पडावे असे मला वाटते: कायदा बंधनकारक म्हणतो त्या गोष्टी नियमांनी केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान मानके सक्तीचीच हवीत.

आता मराठी कार्यालयांपुरता एक तपशील, ज्याकडे या विषयावर बोलणारे क्वचितच लक्ष देतात. आपल्याकडे अजूनही कितीतरी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना संगणकात स्वतःची ओळख देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप होतो. पडद्यावर तो स्वच्छ देवनागरी दिसतो. पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास असते. एनव्हीडीए हा दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरांनी सुरू केलेला स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि तो मराठी वाचतो, पण युनिकोड मराठी वाचतो. एकदा आमच्या त्या सहकाऱ्यांनी इयरफोन काढून, आमच्याच शाखेने जुन्या फाँटमध्ये पाठवलेली ज्येष्ठता यादी आम्हाला मोठ्याने ऐकवली. एकेक सुटे इंग्रजी अक्षर, मध्येच कंस, मध्येच टक्क्याचे चिन्ह, असे यंत्र एकसुरी आवाजात वाचत गेले, आणि ते तीन-चार मिनिटे शांतपणे आमच्याकडे तोंड करून बसले. त्या यादीत त्यांचे स्वतःचे नाव कितव्या क्रमांकावर आहे, हे त्यांना त्यातून कळणार नव्हते. आमचा ज्येष्ठ टंकलेखक, जो युनिकोडला अनेक वर्षे विरोध करत होता, त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःहून नवा कळफलक शिकायला घेतला. आमच्या कार्यालयात झालेले खरे प्रशिक्षण मी याला म्हणतो. त्यात कोणाच्याही डोळ्यांवर पट्टी नव्हती, शिकवणारा त्या अडचणीत रोज वावरणारा होता, आणि शिकणाऱ्याच्या हातात ती दूर करणे होते.

दुसरा प्रसंग आगीच्या सरावाचा. भोंगा वाजला, तिन्ही मजले रिकामे झाले, मैदानात हजेरी सुरू झाली, आणि दुसऱ्या मजल्यावरचा अभिलेख कक्षातला आमचा कर्णबधिर सहकारी त्यात नाही हे लक्षात यायला बराच वेळ लागला. तो कपाटांच्या मागे बसून नोंदवही भरत होता. भोंगा त्याला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, चमकणारा दिवा आम्ही बसवला नव्हता, आणि जाताना त्याच्या खांद्याला हात लावायचा हे कोणाचेच ठरलेले काम नव्हते. आदल्याच वर्षी आम्ही सर्वांना सांकेतिक भाषेत ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ करायला शिकवले होते. ते शिकवणे वाईट नव्हते. पण ‘आग’ ही खूण कोणाला येत नव्हती.

शब्दांबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण प्रशिक्षणांचा पुष्कळ वेळ त्यावर जातो. मी इथे ‘दिव्यांग’ लिहितो आहे ते शासकीय कागदपत्रांत तो शब्द रूढ झाला म्हणून. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना तो नकोसा वाटतो आणि ते स्वतःला सरळ अपंग म्हणवतात. यावर सक्तीने एकमत घडवण्याची गरज नाही. एका शब्दाबद्दल मात्र मी आग्रही आहे. ‘मूकबधिर’ हा शब्द सोडला पाहिजे, कारण ज्यांना ऐकू येत नाही त्यांना भाषा नसते असे तो सुचवतो, आणि भारतीय सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे.

सर्वांत कमी बोलले जाते ते न दिसणाऱ्या अपंगत्वाबद्दल. कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, तसेच हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे विकारही आहेत. गडचिरोली, नंदुरबार आणि एकूणच विदर्भ-खानदेशच्या आदिवासी भागांत सिकलसेल अनोळखी नाही. त्या कर्मचाऱ्याला अचानक तीव्र वेदना सुरू होतात, थंडी आणि पाण्याची कमतरता त्याला बाधते, आणि दोन दिवसांनी तो पुन्हा इतरांसारखा दिसतो. अशा माणसाला ‘कामचुकार’ म्हणायला वेळ लागत नाही. २०२४ साली पुण्यात नेमणुकीस असलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून जो गदारोळ झाला, त्यानंतर हा संशय आणखी वाढला. खोटे प्रमाणपत्र वापरणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. परंतु ती तपासणी वैद्यकीय मंडळाने करायची असते, शेजारच्या टेबलाने नव्हे. सहकाऱ्याच्या आजाराची चौकशी करण्याचा आपल्याला अधिकार नाही, त्याची माहिती संपर्क अधिकाऱ्याकडून बाहेर जाता कामा नये, हे प्रशिक्षणात स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे, नाहीतर मानसिक आजाराशी झुंजणारा कोणीही पुढे येऊन सोय मागणार नाही.

यावर मला नेहमी एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो मी हलका मानत नाही: मन बदलल्याशिवाय पद्धत बदलत नाही, म्हणून आधी संवेदना जागवायला हवी. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या टंकलेखकाचे मन पद्धतीतला दोष कानांनी ऐकल्यावर बदलले, आणि पद्धत बदलल्यावर त्याच्यात आणि लेखा शाखेतल्या त्या दृष्टिहीन सहकाऱ्यांत कामाची खरी मैत्री झाली. दुसरा आक्षेप खर्चाचा. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पंधरा कामगारांचा कारखाना चालवणाऱ्याने लिफ्ट बसवावी असे कोणी म्हणत नाही. पण तयार केलेल्या रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी लावू नयेत, दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहात फिनेलचे कॅन आणि झाडू ठेवू नयेत, कर्णबधिर कामगाराला सूचना तोंडी न देता फळ्यावर लिहून द्याव्यात, यांना पैसे लागत नाहीत. सुरक्षारक्षकाला आणि पर्यवेक्षकाला ते सांगावे लागते. आणि माणसेच नेमली नाहीत तर प्रशिक्षण कोणासाठी, हा प्रश्न विचारणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी सुमारे २९ लाख ६० हजार महाराष्ट्रात होत्या, आणि देशभरात त्यांच्यापैकी जेमतेम ३६ टक्के कोणते ना कोणते काम करत होत्या. भरती आणि प्रशिक्षण एकमेकांवाचून अडतात; एक झाल्यावर दुसरे, असा क्रम लावता येत नाही.

शिकवायचे कोणी, याचे उत्तर मला अवघड वाटत नाही. महाराष्ट्रात हे ज्ञान आहे. नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली; दृष्टिहीनांसाठी मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघटना १९५२ पासून काम करते आहे. अशा संस्थांत घडलेली, स्वतः अपंगत्व असलेली माणसे प्रशिक्षक म्हणून बोलवावीत, त्यांनी आधी एक पूर्ण दिवस कार्यालयात हिंडून फाटकापासून फाइलपर्यंत सगळे वापरून पाहावे आणि मग शिकवावे. त्याचे त्यांना इतर कोणत्याही तज्ज्ञाइतके मानधन द्यावे. आमच्या सहकाऱ्यांना आम्ही दिलेली शाल त्यांनी घरी नेली की नाही मला ठाऊक नाही, पण त्यांनी आम्हाला शिकवलेल्या कामाचे पैसे आम्ही त्यांना कधी दिले नाहीत, ही गोष्ट मला आज चुकीची वाटते.

२०१६ च्या कायद्याचे कलम ४७ प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या सर्व प्रशिक्षणक्रमांत दिव्यांग हक्कांचा विषय अनिवार्य करण्यास शासनाला सांगते. राज्याचे अधिकारी पुण्यात बाणेर रस्त्यावरच्या यशदा संस्थेत प्रशिक्षणासाठी येतात. तिथल्या पायाभूत प्रशिक्षणात या विषयाचे व्याख्यान ठेवण्याऐवजी प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडून एक परिपत्रक तयार करून घ्यावे, सही-शिक्क्यासह आणि स्क्रीन रीडरला वाचता येईल असे. आणि ते उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, हे ठरवायला स्क्रीन रीडरवर रोज काम करणारा शासकीय कर्मचारी परीक्षक म्हणून बसवावा.